इंदूचा पाय, माझी पाठ

उताणं पडून हे वाचत असाल तर आधी एक कामाची गोष्ट सांगतो. उताण्या माणसाला शाईचं पेन चालत नाही आणि बॉलपेन चार शब्दांत रुसतं. शिसपेन्सिल मागवा. तिला दोन्ही बाजूंनी टोक करून घ्या, म्हणजे सारखं कुणाची विनवणी करावी लागत नाही. एका पुठ्ठ्याला दोरी ओवून तो खाटेच्या दांडीला टांगा आणि त्यावर कागद चिकटवा. मी नऊ महिने असंच लिहिलं. शिशाचा चुरा डोळ्यांत पडतो, तेवढं सोसायचं.

दुसरी गोष्टही आत्ताच सांगून टाकतो. पाठीतली कळ महिन्याभरात गेली नाही तर पायाळू माणूस शोधत बसू नका. पाठीचा एक्स-रे फोटो काढा.

एवढंच सांगायचं असतं तर पोस्टकार्डावर मावलं असतं. पण आजार मला न विचारता आला आणि त्या आजारात मी जे वागलो ते मात्र माझं मीच वागलो. ते सांगितल्याशिवाय बाकीच्याला काही अर्थ नाही.

उंबरा

मी रहिमतपूरचा शिंपी. दुकानात दोन मशिनी, एक थोरल्या भावाची, दादाची, आणि एक माझी. शिवणकाम पोटासाठी आणि गाणी रचणं जिवासाठी. गावात बारसं असलं की पाळणा, लग्न असलं की नवरा-नवरीची नावं गुंफलेल्या मंगलाष्टका, जत्रेला पदं, निवडणुकीला प्रचाराची गाणी. ती मी दोन्ही पार्ट्यांना लिहून द्यायचो. आई म्हणायची, "एक दिस दोगंबी मिळून बडवतील तुला."

वडिलांनी कधीकाळी एका बंद पडलेल्या नाटक कंपनीची पायपेटी घरात आणून ठेवली होती. तिचा भाता पायांनी हलवायचा, त्यामुळं दोन्ही हात सुरांवर मोकळे. दिवसभर मशीन मारणाऱ्या पायांना त्याचं काय? दुकान आटोपलं की मी पेटीवर.

माझी बायको इंदू कुंडलची आणि पायाळू. म्हणजे डोक्याऐवजी पायांनी जगात आलेली. आमच्याकडं अशा माणसाच्या पायाला मान असतो. कुणाच्या पाठीत उसण भरली की तो उंबऱ्यावर पालथा पडतो आणि पायाळू त्याच्या पाठीला तीनदा पाय लावतो. आईला या सुनेचा कोण अभिमान! "आमच्या इंदीचा पाय लागला की मानूस सरळ," असं भर बाजारात सांगायची. सकाळी सकाळी आमच्या दारात दोन-चार माणसं वाकडी उभी असायची. इंदू प्रत्येकाला आधी विचारायची, "लावू पाय?" तो हो म्हणाल्याशिवाय पाय लावायचा नाही, हा तिचा नेम.

माझी पाठ दिवाळीपासून दुखत होती. संध्याकाळी अंग कोमट व्हायचं, जेवण नको वाटायचं. मी माझी स्वतःची विजार दोन महिन्यांत दोनदा आत घेतली. गिऱ्हाइकाच्या मापातली सुताची चूक पकडणारा मी शहाणा, पण आपलं माप का घटतंय हे काही मनाला विचारलं नाही.

संक्रांत झाली आणि एका सकाळी मला वाकून चप्पल घालता येईना. इंदूनं पाठीवरून हात फिरवला आणि तिचा हात मध्येच थांबला.

"आवं, हितं कायतरी वर आलंय. ही उसण न्हाई. दाक्तरला दावा."

"तू कवापासनं दाक्तरीण झालीस?" मी म्हणालो आणि उंबऱ्यावर पालथा पडलो.

"माझं ऐका तरी."

"गावाला पाय लावतीस, मला लावायला काय झालं?"

मग तिनं तिचा नेम पाळला.

"लावू पाय?"

"लाव. चांगला जोरात हाण."

तिनं दोनदा नुसता टेकवला. मी ओरडलो, "अगं जोरात!" तिसऱ्या वेळी तिनं जोर लावला आणि पाठीत आत कुठंतरी कचकन झालं. आई दारातच होती. तिनं ते सगळं बघितलं.

तिसऱ्या दिवशी दुकानात एक परकर शिवत होतो. पाय मशिनवर होते आणि मशीन चालत नव्हती. पट्टा निसटला म्हणून वाकून बघितलं. पट्टा जागेवर होता. पाय चालत नव्हते.

मिरज

दादानं मला पाठुंगळी घेऊन स्टेशन गाठलं आणि मिरजेच्या गाडीत आडवं टाकलं. दवाखान्यात दोन दिवस तपासण्या चालल्या. फोटो काचेवर लावून डॉक्टरांनी आम्हा दोघा भावांना दाखवला. मणक्यांची माळ छान खाली येत होती आणि मध्येच दोन मणी विरघळल्यासारखे एकमेकांत बसले होते.

"हा मणक्याचा क्षय आहे," डॉक्टर म्हणाले. "हाडाला कीड लागून सहा-आठ महिने तरी झाले असणार."

क्षय म्हणजे खोकून खोकून रक्त ओकणारा माणूस, एवढंच मला माहीत. मला तर साधा खोकलाही नव्हता.

मी विचारलं, "लाथेनं झालं का? बायकोनं पाय लावला व्हता."

"लाथेचं काय घेऊन बसलात! हाड आधीच पोखरलं होतं. जोरात शिंकला असतात तरी खाली बसलं असतं. उगाच बाईमाणसावर खापर फोडू नका."

हे त्यांनी पहिल्याच दिवशी, स्वच्छ मराठीत सांगितलं. मी ऐकलं, दादानंही ऐकलं.

बाहेर आल्यावर दादा माझ्या स्ट्रेचरपाशी खाली बसला. "वसंता, हे नाव गावात काढायचं न्हाई. क्षयाच्या घरात कोन कापड शिवायला टाकंल? आन् दुकान बसलं तर तुझं औषिद कशातनं व्हायाचं?"

"मग काय सांगायचं?"

"आईनं बघितलंयच की. गावबी तेच म्हनतंय. म्हनू दे."

मी वर छताकडं बघत राहिलो. नाही म्हणायला एक शब्द लागतो. तो मी काढला नाही.

दहा दिवसांनी दादा परत आला तेव्हा माझं प्लॅस्टर सुकलं होतं. म्हणाला, "आईनं इंदीला कुंडलला धाडली. म्हनली, माझ्या पोराची पाठ मोडनारं पाय मला घरात नगंत."

मी म्हणालो, "बरं."

एवढंच म्हणालो. आज इतक्या वर्षांनी तो शब्द आठवला तरी मला स्वतःची किळस येते.

टाचणी

प्लॅस्टरची खाट म्हणजे काय, ते पडलेल्याला सांगायला नको आणि न पडलेल्याला कळायचं नाही. तुमच्याच पाठीचा साचा काढून त्यात तुम्हालाच ठेवतात. कूस नाही, उशी नाही. खाज सुटली तर ज्याच्याजवळ विणकामाची सुई तो राजा. रोज सकाळी इंजेक्शन. कुल्ल्यावर जागा उरली नाही की सिस्टर म्हणायच्या, "आज कुठे?" जणू भाजीचं विचारताहेत. औषधाच्या पुड्या इतक्या कडू की पाण्याचीही चव गेली. भांडं द्यायला-घ्यायला माणूस वेळेवर आला तर तो दिवस चांगला.

दर सोमवारी डॉक्टर टाचणी घेऊन यायचे आणि तळपायाला टोचायचे. "कळतंय का?"

"न्हाई."

मला पायांकडं बघता यायचं नाही, म्हणून मी डॉक्टरांच्या कपाळाकडं बघायचो. कपाळाला आठी पडली की समजायचं, टोचून झालंय. असे आठ सोमवार गेले. रात्रंदिवस एकच विचार, मशीन गेली, पेटी गेली, आता हे नुसतं धड घेऊन जगायचं कसं?

माझ्या डाव्या हाताच्या खाटेवर रसूलचाचा होते, मिरजेचेच. सतारी-तंबोरे बनवणाऱ्या घरातले, मला असलेलाच आजार, माझ्या आधी चार महिने आलेले. उजवीकडं हवालदार, साताऱ्याकडचे, फौजेच्या बँडमध्ये कॉर्नेट वाजवून निवृत्त झालेले. त्यांच्या खुब्यात क्षय होता. कॉर्नेट उशाशी होतं, पण डॉक्टरांनी फुंकायला बंदी घातली होती. ते नुसतं पुसत बसायचे.

नवव्या सोमवारी टोचून झाल्यावर मी रडलो. लपवायलाही येत नाही, उताण्याचं पाणी कानात जातं. रसूलचाचा वर बघत म्हणाले, "वसंतराव, तुम्ही गाणी करता म्हणे. मग ह्या टाचणीवर करा की एक."

मला राग आला. त्या रागातच मी केलं.

टाचणीबाई दाराशी, कडी वाजवी खडखड
पाय म्हणे, मालक न्हाई, उगं नगं बडबड

हवालदार इतके हसले की सिस्टर धावत आल्या. हवालदारांनी चमच्यानं जेवणाच्या ताटलीवर ठेका धरला. दुसऱ्या दिवशी इंजेक्शनचं कडवं झालं, मग कडू पुडीचं, मग भांड्याचं. चाचांच्या भावानं कारखान्यातला तडकलेला भोपळा आणून दिला आणि चाचांनी पडल्या पडल्या, छातीवर ठेवून, त्याची एकतारी केली. चार ते पाच या वेळेत गाण्याची परवानगी मिळाली. हवालदारांनी नाव ठेवलं, "प्लॅस्टर पार्टी." तीन माणसांत सहा पाय आणि त्यांतला धड एकही नाही.

हसत होतो, खोटं कशाला सांगू? पण पाच वाजले की सगळं परत अंगावर यायचं. त्याच वेळेला भेटायला येणाऱ्यांची रीघ लागायची. हवालदारीणबाई यायच्या, चाचांच्या घरून डबा यायचा. माझ्याकडं महिन्यातून एकदा दादा.

एकदा चाचांनी विचारलं, "घरवाली येत नाही तुमची?"

मी तेच सांगितलं, जे गाव सांगत होतं. पायाळू होती, लाथ घातली, पाठ मोडली, माहेरी गेली. हवालदार चुकचुकले. चाचा मात्र एकतारीची खुंटी पिळत राहिले. मग हळूच म्हणाले, "मला कुणी लाथ घातली नव्हती. मग मी इथं कसा?"

चाचांनी खुंटीवरून हात काढला.

"ह्या खोलीत बारा माणसं आहेत. बाराजणांच्या बायका पायाळू आहेत काय?"

"गावात सांगता येत न्हाई, चाचा. दुकान हाय आमचं."

"म्हणजे दुकान वाचवायला तिला विकली," चाचा म्हणाले. आवाज जराही वाढवला नाही. वाढवला असता तर मला भांडता आलं असतं.

पोस्टकार्ड

पुढच्या सोमवारी टाचणी टोचली तेव्हा डाव्या अंगठ्यात मुंगी चावल्यासारखं झालं. मी "आई गं!" ओरडलो. डॉक्टरांनी पुन्हा टोचली, मी पुन्हा ओरडलो. अख्खा वॉर्ड ओरडला. आणि मला पहिली आठवण आली ती इंदूची. ही बातमी जिला सांगायची तिलाच मी घालवून बसलो होतो.

मी पेन्सिल घेतली. हवालदार म्हणाले, "आंतरदेशीय घ्या, चिकटवता येतं."

"न्हाई. कार्डच पायजे."

आमच्याकडं कार्ड म्हणजे उघडं पत्र. पोस्टमन वाचतो, मग गल्ली वाचते, मग ज्याचं असेल त्याला मिळतं. मला तेच हवं होतं. दोन कार्डं लिहिली, एक कुंडलला इंदूच्या नावानं, एक रहिमतपूरला आईच्या नावानं. मजकूर एकच: मला मणक्याचा क्षय झाला आहे. तो सहा महिने आधीपासून होता. इंदूच्या पायाचा काही दोष नाही. हे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी आणि दादानं लपवलं.

कार्डं टपालात पडली.

आठव्या दिवशी दादा आला. दारातूनच ओरडत आला. "काय केलंस हे? पोस्टमननं उंबऱ्यावर उभं राहून वाचलं! सात गिऱ्हाइकं न कापलेलं कापड परत घिऊन गेली. आईनं पानीबी तोंडात घ्यायचं सोडलंय!"

"आई काय म्हनली?"

"काय म्हनंल? बसलीया भिंतीकडं तोंड करून."

"आन् इंदू?"

"मला काय म्हाईत तुझी इंदू!" तो डबा आपटून निघून गेला. डब्यात आईच्या हातची भाकरी होती. म्हणजे ती उठली होती एवढं कळलं.

इंदूचं मात्र काही नाही. एक आठवडा, दोन, चार. रोज डाक यायची वेळ झाली की मी कान टवकारायचो. वाटायचं, कार्ड मिळालंच नसेल. मग वाटायचं, मिळालंय म्हणूनच उत्तर नाही. हे दुसरं जास्त वाईट होतं.

झेंड्याचा दिवस

पंधरा ऑगस्टला डॉक्टरांनी आमच्या खाटा पटांगणात ढकलत नेल्या. सात महिन्यांनी डोक्यावर आभाळ! डोळे दिपले, मिटवेनात. आम्ही चार गाणी म्हटली. हवालदारांना त्या दिवशी कॉर्नेट फुंकायची सूट होती. फुंकलं आणि अख्खं पटांगण शहारलं. टाचणीचं गाणं लोकांनी दोनदा म्हणायला लावलं. टाळ्या वाजत असताना कुणीतरी माझ्या पायथ्याशी येऊन उभं राहिलं. मला मान उचलता येत नव्हती, पण चुडा ओळखीचा वाजला.

"पैल्या दिवशी," इंदू म्हणाली. "दाक्तरनं पैल्याच दिवशी सांगितलं व्हतं?"

"व्हय."

"आन् तुमी ऐकून गप बसला?"

"व्हय."

ती पुढं आली तेव्हा मला तिचा चेहरा दिसला. निम्मी झाली होती. मला वाटलं होतं, रडेल, जवळ बसेल. कसलं काय!

"सात म्हयनं मी दिसातनं धा येळा पाय धुतीया. सख्खा चुलता उसण भरून दारात आला तर मी दार लावून घितलं. निजताना पाय पोटाशी घेती, कुनाला लागाय नगं म्हनून. आईशपथ, एकदा कुऱ्हाड हातात घितली व्हती मी. आन् तुमी हितं गानी म्हनताय!"

चाचांनी एकतारी खाली ठेवली.

"चुकलं माझं, इंदे," मी म्हणालो. "लय मोठं चुकलं."

"कार्डावर लिहिलंत ते बरं केलंत. पर कार्ड हातानं लिवलं, तोंडानं न्हाई. घरी जावा. आईम्होरं, गावाम्होरं बोला. मग बगती. आन् एक सांगती, हा पाय आता मी कशालाच लावनार न्हाई. मानसाला न्हाई, मशिनलाबी न्हाई."

ती गेली. पाठ फिरवताना तिनं माझ्या डाव्या पायाचा अंगठा बोटांनी जरासा दाबला. बरा झालेला तोच अंगठा आहे, हे तिला कुणी सांगितलं होतं, देव जाणे. मला कळलं, एवढं खरं.

बाकडं

दसऱ्याच्या आधी मला कमरेला चामड्या-पत्र्याचा पट्टा बांधून घरी सोडलं. बसता यायचं. उभं राहणं दोन कुबड्यांवर आणि चार पावलांपुरतं. आजही तेवढंच आहे. पाय परत येतील असं ज्यांना कुणी सांगितलं असेल त्यांनी आशा ठेवावी, पण माझे आले नाहीत आणि तरी मी जगलो, हेही ध्यानात ठेवावं.

दादाला म्हटलं, मला दुकानाबाहेरच्या बाकड्यावर बसव. तिथं बसून मी येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला थांबवून सांगायला लागलो. "मला क्षय झाला व्हता. औषिद चालू हाय, माझ्यापासनं तुमाला कायबी व्हायाचं न्हाई. इंदीचा पाय निर्दोष हाय. मी गप बसलो ही माझी चूक." लोक तोंडाला पदर लावून पलीकडून जायचे. एक म्हातारा म्हणाला, "बरं बरं, कळलं, रोज काय सांगतूस!" मी म्हटलं, कळेपर्यंत सांगणार. आई आत, दाराआड बसून ऐकायची. एक अक्षर बोलायची नाही. दिवाळीला पहिलं कापड परत आलं, एक झबलं.

मार्गशीर्षात इंदू चुलत्याबरोबर आली. उंबरा ओलांडताना तिनं साडी वर धरली आणि लांब ढांग टाकली, पाय लागू नये म्हणून. सासू-सुनेत बोलणं नाही. भाकरी थापायची एकीनं, भाजायची दुसरीनं, आणि मध्ये मी मुक्यासारखा. घरात श्वास घ्यायची चोरी झाली होती.

त्यातच हवालदारांचं कार्ड आलं. त्यांच्या गावच्या जत्रेत त्यांनी प्लॅस्टर पार्टीचा कार्यक्रम ठरवला होता. आठ दिवस हातात. ते आणि रसूलचाचा आमच्याकडं येऊन राहिले, एक लंगडत, एक पट्टा बांधून. तालीम सुरू झाली आणि पहिल्याच दिवशी गाडी अडली. एकतारी आणि कॉर्नेट एकमेकांना धरेनात, मध्ये पेटी हवीच. हातपेटी उसनी आणली, तर भात्याच्या प्रत्येक झटक्याला माझ्या पाठीत सुरी फिरायची. पायपेटी होती, पण तिला पाय कुणाचे?

दादा बसला. त्यानं ती मशिनसारखी मारली. गाणं संपायच्या आधी पाळण्याची वरात झाली. हवालदार कपाळाला हात लावून म्हणाले, "थोरलं, ही शिलाई न्हवं."

दोन दिवस राहिले. हवालदारांनी मला बाजूला घेतलं. "गड्या, पेटी न्हाई तर कार्यक्रम न्हाई. उंद्या सकाळपतुर मला गावाला कळवाय पायजे. यकदा मोडला की पुन्यांदा कोन बलवत न्हाई लंगड्या-पांगळ्यांना."

मी इंदूकडं बघितलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मी सांगितलंय एकदा. आता कशाला पाय लावला आन् काय मोडलं तर माझा जीव जाईल." चाचांनी एकतारी गवसणीत घातली.

तेवढ्यात आई उठली.

सत्तरीची बाई, कार्ड आल्यापासून तोंड मिटून बसलेली. ती चालत उंबऱ्यापाशी आली, पदर खोचला आणि भर दिवसा, रस्त्यावरची माणसं बघत असताना, उंबऱ्यावर पालथी पडली.

"इंदे," ती मातीकडं तोंड करून म्हणाली, "माझ्या पाठीत उसण भरलीया."

तिला उसण भरली नव्हती. हे तिला ठाऊक, मला ठाऊक, इंदूला ठाऊक. समोरची पाणी भरणारी बाई कळशी घेऊन तिथंच थांबली. दुकानातून दादा बाहेर आला.

इंदू उठेना. "आत्याबाई, उठा. लोक बगत्यात."

"बगू दे. घालवली तवाबी बगत व्हते. तू पाय लावल्याबिगर मी उठायची न्हाई."

इंदू जवळ गेली. सूपभर तांदूळ मागं सांडले होते. बऱ्याच वेळानं तिचा आवाज आला, "लावू पाय?"

"लाव, बाय."

एकदा. दोनदा. तीनदा. फुलासारखा. आई तशीच पडून हुंदके द्यायला लागली. इंदू खाली बसली आणि तिच्या पाठीवर डोकं ठेवून मोठ्यानं रडली. दादानं तोंड फिरवलं. मग आई उठून बसली, नाक पुसलं आणि समोरच्या बाईला म्हणाली, "सरळ झाली बग पाठ. जा, पानी भर तुझं."

इंदू डोळे पुसत माझ्याकडं आली. मी पेटीसमोर बाकड्यावर बसलेला. तिनं माझे दोन्ही पाय हातांनी उचलून बाजूला ठेवले आणि माझ्या शेजारी बसली. तिचे पाय भात्याच्या पट्ट्यांवर आले, पण टेकले नाहीत.

"लावू पाय?" तिनं मला विचारलं.

वर्षापूर्वी याच घरात याच प्रश्नाला मी दिलेलं उत्तर मला पाठ होतं.

"लाव," मी म्हणालो. "तुझ्या बेतानं."

तिनं पाय दाबला. भाता भरला आणि मी दोन्ही हात सुरांवर ठेवले.